सिंधूची जबानी

'एकच प्याला'वर आजवर इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालताना लेखणी जराशी अडखळते. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले. त्यानंतर लौकरच गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले आणि बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडविले. तेव्हापासून एक वाद चालूच आहे. ही शोकांतिका दारूची, की सुधाकराच्या मानीपणाची? दोन्ही पक्षांना नाटकात हवा तेवढा पुरावा सापडतो, म्हणूनच हा वाद मिटत नसावा.

मला स्वतःला हे नाटक वाचताना तिसरेच काही जाणवत आले आहे. डोळ्यांसमोर दिसते ते 'नाही' म्हणण्याची माणसाला केवढी विलक्षण हौस असते, आणि त्यापायी तो काय काय गमावतो, याचे इतके सविस्तर चित्र आपल्या रंगभूमीवर दुसरे नाही. नावच पाहा. 'एकच' या शब्दातला तो 'च' किती बोलका आहे! पिणाऱ्याच्या तोंडचा हा 'च' प्याले मोजण्यासाठी आलेला नाही. मोजदाद करू नये, एवढ्यासाठीच तो आला आहे.

सुधाकराची पहिली नाकबुली तर दारूविषयीची नाहीच. भर कोर्टात मुनसफाशी त्याची चकमक उडते, काही काळ त्याची सनद जाते. बुद्धिमान, गरिबीतून वर आलेल्या माणसाला हा घाव जिव्हारी लागतो. आपला अपमान झालाच नाही असे घटकाभर वाटावे, एवढ्यासाठी तो तळीरामाच्या हातचा प्याला घेतो. पुढे शुद्धीवर येऊन तो दारू सोडतोही. पण कामासाठी ओळखीच्यांची दारे ठोठावताना वाट्याला येणारी तुच्छता त्याला सोसवत नाही आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. रामलालपुढे मद्यपानाच्या पायऱ्यांचे तो जे विवेचन करतो, ते एखाद्या निष्णात वैद्याला शोभावे असे आहे. आपण कोठून घसरलो आणि कोठे जाऊन पडणार, हे या माणसाला तंतोतंत ठाऊक आहे. गडकऱ्यांच्या अलंकारिक भाषेला आपण नेहमी नावे ठेवतो, आणि पुष्कळदा ते योग्यही असते; परंतु या ठिकाणी ती भाषा पात्राच्या अंगाला घट्ट बसते. हा माणूस वकील आहे. तो स्वतःच्या विनाशाचीही उत्तम कैफियत मांडतो. ती इतकी सुरेख उतरते की ऐकणाऱ्याला आणि बोलणाऱ्यालाही वाटावे, आता काही करायचे उरले नाही. कळणे वेगळे आणि कबूल करणे वेगळे. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन येथे दारुड्यांनीच दारुड्यांसाठी जी संघटना काढली, तिच्या बारा पायऱ्यांतील पहिली पायरी दारू सोडण्याची नाही. दारूपुढे आपले काही चालत नाही, हे मान्य करण्याची आहे. त्या पायरीच्या अगदी काठाशी उभा राहून सुधाकर व्याख्यान देतो.

तळीरामाविषयी फार लिहीत नाही. तो पितो आणि पितो म्हणून सांगतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला विनोद आला. आर्य मदिरा मंडळाचे प्रवेश मात्र आज लांबलेले वाटतात, हे गडकऱ्यांच्या भक्तांची क्षमा मागून म्हणतो.

रामलाल आणि शरद यांचे उपकथानक हे नाटकाला लावलेले ठिगळ आहे, असे पुष्कळांचे मत. मला ते पटत नाही. सुधाकराच्या विधवा बहिणीचा सांभाळ करणारा हा सज्जन मित्र आपल्या मनातील अभिलाषेला वात्सल्याचे नाव देत राहतो. सबंध नाटकात ज्याने दुसऱ्यांना शुद्धीवर आणायचे, त्याच्याही घरात एक झाकलेला प्याला आहे! फरक एवढाच, की रामलाल शेवटी तो उघडा करून पाहतो आणि भगीरथाची वाट मोकळी करतो. मुख्य कथेत जे कोणालाच साधत नाही, ते या ठिगळात साधले आहे. ते काढून टाकले तर, कबुली शक्य असते, याचा एकमेव दाखला नाटकातून जाईल.

आता सिंधू. माहेरची मदत नाकारून ती दळण दळते, हे तिचे मानीपण नवऱ्याच्या मानीपणाहून रतिभर कमी नाही. नशेत सुधाकर काठी चालवतो, मूल जाते, तिलाही प्राणघातक मार बसतो. फौजदार येतो. झाला तो अपघात, यात नवऱ्याचा दोष नाही, अशा अर्थाची जबानी ती मरता मरता देते. नाट्यगृहात या जागी हुंदके फुटतात. पातिव्रत्याचा कळस म्हणून टीकाकारांनी हा प्रसंग डोक्यावर घेतला, आणि अलीकडच्यांनी त्याच कारणासाठी त्याला झोडपले.

मला या जागी नेहमी आमच्या वाड्यातल्या एक काकू आठवतात. त्यांच्या डोळ्याखाली काळेनिळे दिसले की त्या म्हणत, "अंधारात कपाटाचं दार लागलं." माझी आई काही न विचारता आंबेहळद उगाळून देई. आम्ही मुले त्यांच्या घरी लपंडाव खेळत असू. त्या घरात कपाट एकच होते, आणि त्याला दार नव्हते, जुन्या लुगड्याचा पडदा होता. हे आम्हांला ठाऊक होते, आईला ठाऊक होते, वाड्यात सर्वांनाच ठाऊक होते. पुढे एकदा गावात 'एकच प्याला'चा प्रयोग लागला, तेव्हा आई त्यांना घेऊन गेली. काकूंचा पदर भिजून गेला होता म्हणे. घरी परतल्यावर मात्र त्या एवढेच म्हणाल्या, "गाणी छान झाली हो."

म्हणून सिंधूच्या जबानीकडे मला तिच्या बाजूने पाहवत नाही. ती ऐकणाऱ्यांच्या बाजूने पाहावीशी वाटते. सुधाकराला त्या जबानीचा काय उपयोग झाला? तो दारूत विष कालवून पितो आणि मरतोच. मूल परत येत नाही. सिंधू स्वतः तर चाललेलीच. मग ती जबानी उपयोगी पडते कोणाच्या? आपल्या! कोणी मारलेच नाही असे तिने एकदा सांगितले, की प्रेक्षकाला साक्षीदार व्हावे लागत नाही; त्याला नुसते रडता येते. खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'तला (१९१३) शुक्राचार्य मद्याच्या धुंदीत घडलेला अनर्थ उघड मान्य करून मद्य सोडतो. तो प्रसंग पाहून आपण एवढे रडत नाही. कबुली ऐकताना आपल्याला अवघडल्यासारखे होते.

हे गडकऱ्यांना दिसले होते काय? माझे मत असे, की नाटककार गडकऱ्यांना ते दिसले होते आणि त्यांच्यातल्या कवीने त्यावर शाल पांघरली. सिंधूच्या तोंडी असत्य घालताना त्यांनी ते इतके पवित्र केले, की ते असत्य आहे हेच प्रेक्षक विसरतो. या नाटकाचे सामर्थ्य या जागेत आहे, आणि त्यातली खोटही येथेच आहे.

आजवर पाहिलेल्या प्रयोगांत फौजदाराचे काम कोणी केले, हे मला एकदाही आठवत नाही. चार वाक्यांचे काम. कंपनीत जो रिकामा असेल त्याला टोपी चढवून उभा करीत असावेत. पुन्हा कोणी हे नाटक बसविले, तर त्यांनी या भूमिकेसाठी एखादा जाणता नट शोधावा. सिंधू बोलत असता त्याने तिच्याकडे पाहू नये, सुधाकराच्या हातांकडे पाहावे; आणि मग तिने सांगितले ते, अक्षर न बदलता, सावकाश लिहून घ्यावे.