निवडलेले चिन्ह, वापरातले चिन्ह

स्पर्धेतून एखादे बोधचिन्ह निवडले गेले की निकालाच्या दिवशी विजेत्याचे गाव, शिक्षण, बक्षिसाची रक्कम, कल्पना कशी सुचली, सगळे छापून येते. पुढे ते चिन्ह छापखान्यात, भिंतीवर, पावतीवर कसे दिसते याबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. गेल्या दीड दशकात सरकारी स्पर्धांमधून देशाच्या रोजच्या वापरात आलेल्या चिन्हांपैकी तीन मी इथे तपासणार आहे. ती किती कल्पक होती हा माझा मुख्य प्रश्न नाही. वापराच्या धबडग्यात ती किती टिकली, हे मला पाहायचे आहे.

रुपयाचे चिन्ह या तिन्हींत सगळ्यात वरचे. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने डी. उदय कुमार यांच्या रेखाटनाला मान्यता दिली. मुंबईच्या आयआयटीत त्यांनी तमिळ अक्षररचनेवर संशोधन केले होते आणि ती बैठक चिन्हात दिसते. देवनागरी ‘र’ आणि उभा दांडा काढून टाकलेला रोमन ‘आर’ एकाच वळणात बसवणे ही हुशारी झालीच. खरी करामत शिरोरेघेची आहे. तिच्यामुळे चिन्ह देवनागरीच्या घरातले वाटते आणि खालच्या दुसऱ्या रेघेमुळे येन, युरोसारख्या चलनचिन्हांच्या रांगेतही शोभते. पाटीवर खडूने भाव लिहिणाऱ्यालाही ते जमते: ‘र’ काढायचा आणि एक आडवी रेघ वाढवायची.

दोष आहे तो दोन आडव्या रेघांमधल्या पोकळीत. ठळक टाइपात रेघा जाड झाल्या की ती पोकळी मिटते, आणि बाजारभावाच्या बारीक अक्षरात शाई पसरली की मिटतेच. म्हणून प्रत्येक फाँटच्या प्रत्येक जाडीसाठी हे चिन्ह नव्याने तोलून काढावे लागते. जिथे तसे झाले नाही तिथे ते आजही शेजारच्या आकड्यांपेक्षा परके दिसते.

निकालाच्या वेळी तर संगणकावर या चिन्हाला जागाच नव्हती. मंगळुरूच्या एका कंपनीने लगोलग एक फाँट फुकट दिला. त्यात कळफलकाच्या कोपऱ्यातल्या एका क्वचित वापरल्या जाणाऱ्या खुणेच्या जागी रुपया बसवला होता. तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की रकमेआधी नुसती ती तिरकी खूण दिसायची. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत चिन्हाला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि २०११ मध्ये ते नाण्यांवर आले. अडीच लाखांचे बक्षीस एका रेखाटनाला मिळाले. ते रेखाटन लिपीचा भाग झाले त्यामागे अक्षरकारांचे आणि तंत्रज्ञांचे पुष्कळ काम आहे, आणि त्याची नोंद कुठल्याही निकालपत्रात नाही.

कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचा गांधीजींचा चष्मा २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियानाबरोबर लोकांसमोर आला. एका भिंगात ‘स्वच्छ’, दुसऱ्यात ‘भारत’, मधल्या दांडीला तिरंगा. गांधींचा विचार चष्म्यापुरता उरला, ही टीका मला अभियानावरची वाटते, आकारावरची नाही. आकार म्हणून हे काम मला फार मोलाचे वाटते, कारण ते चुका सोसते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, घंटागाडीवर, शौचालयाच्या दारावर गावोगावच्या पेंटरांनी हा चष्मा काढला. कुठे वर्तुळे चेपली, कुठे दांडी लांबली, तरी चष्मा ओळखू येतोच. अडचण ‘स्वच्छ’ या शब्दाची. दोन जोडाक्षरे गोल भिंगात कोंडली जातात, म्हणून कित्येक भिंतींवर एका भिंगातले अक्षर दुसऱ्यापेक्षा लहान दिसते. २०१६ पासूनच्या नव्या नोटांवर हाच चष्मा अगदी छोट्या आकारात छापला जातो आणि तिथेही ओळखता येतो. इतक्या टोकाच्या दोन आकारांत तगणारी रेषा काढणे ही पक्क्या उपयोजित कलावंताची खूण आहे.

‘आधार’चे चिन्ह याच्या उलट. अतुल पांडे यांनी २०१० मध्ये सूर्य आणि बोटाचा ठसा एकत्र आणले. कल्पना नेमकी आहे, ओळख आणि उजेड दोन्ही त्यात आहे. पण पिवळे किरण आणि लाल वळ्या पूर्ण रंगात, मोठ्या आकारातच खुलतात. आधार कार्डाची आपण जन्मभर काळी-पांढरी झेरॉक्स काढतो. झेरॉक्समध्ये पिवळा फिका पडतो, वळ्या एकमेकींत मिसळतात, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढली की चिन्हाच्या जागी डाग उरतो. याचा दोष मी कलावंताला देणार नाही. हे चिन्ह कुठे कुठे छापले जाणार आणि कोणत्या यंत्रातून जाणार, हे मागणीपत्रातच लिहून द्यायला हवे आणि परीक्षकांनी प्रत्येक प्रवेशिका तशी छापून पाहायला हवी. पडद्यावर रंगीत चित्र, शेजारी संकल्पनेचा परिच्छेद, एवढ्यावर निवड झाली तर परिच्छेद जिंकण्याचा धोका असतो. तिरंगा, सूर्य, कमळ, पृथ्वी असे अर्थ एकावर एक रचलेली चिन्हे आपल्या स्पर्धांत वाढली, त्याचे एक कारण मला हेच दिसते.

निवड वेगळ्या रीतीने होऊ शकते, याचे एक परदेशी उदाहरण आहे. टोकियो ऑलिंपिकचे पहिले चिन्ह बेल्जियमच्या एका नाट्यगृहाच्या चिन्हासारखे असल्याच्या आरोपानंतर सप्टेंबर २०१५ मध्ये मागे घेतले गेले. मग खुली स्पर्धा झाली, १४,५९९ प्रवेशिका आल्या, अंतिम चार लोकांसमोर ठेवून मते मागवली गेली आणि एप्रिल २०१६ मध्ये आसाओ तोकोलो यांची निळ्या चौकटींची रचना निवडली गेली. फक्त एका रंगातली. झेरॉक्सला न घाबरणारी.

जाहिरात व्यवसायातल्या पुरस्कारांचे दुखणे आणखी खोल आहे. तिथे फक्त पुरस्कारासाठी केलेल्या कामाला ‘स्कॅम’ हा शब्दच रूढ आहे: ग्राहकाने न मागितलेले पोस्टर करायचे, जेमतेम कुठेतरी छापायचे आणि प्रवेशिका भरायची. २०१३ मध्ये गोव्यातल्या जाहिरात महोत्सवाच्या तोंडावर एका मोटारीच्या नावाने केलेली, बांधलेल्या बायका डिकीत दाखवणारी पोस्टरे जगभर गाजली आणि मोटार कंपनीला माफी मागावी लागली. अशा कामात रेखाटन सफाईदार असते, मांडणी चोख असते आणि वाचकच नसतो. वाचक नाही म्हणून ते वाचले जाते की नाही याची फिकीर उरत नाही, आणि मराठी अक्षराला तर तिथे क्वचितच जागा मिळते. उपयोजित कला शिकणारी आपली मुले पुरस्कारांची वार्षिके चाळत मोठी होतात. त्या पानांवर रुपयाची बारीक टाइपातली छपाई, पेंटरने भिंतीवर काढलेला चष्मा आणि आधारची तिसऱ्या पिढीची झेरॉक्स त्यांना कधीच दिसत नाही. ती दाखवण्याचे काम आता अध्यापकांनी आणि समीक्षकांनी हाती घ्यावे, स्पर्धा भरवणाऱ्यांची वाट न पाहता.