‘सायन्स अँड गव्हर्नमेंट’ : दरबारी सल्ल्याची मीमांसा

सी. पी. स्नो यांनी १९६० साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेली गॉडकिन व्याख्याने १९६१ मध्ये ‘सायन्स अँड गव्हर्नमेंट’ या नावाने ग्रंथरूप झाली. शासनाला शास्त्रीय सल्ला मिळतो कसा, हा ग्रंथाचा विषय. परंतु तत्त्वचर्चेऐवजी स्नो टिझर्ड आणि लिंडेमन या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या वैराची कथा सांगतात. ती रंगते यात नवल नाही. स्नो हे कादंबरीकारच होते.

हवाई संरक्षणासाठी नेमलेल्या टिझर्ड समितीची हकीकत विशेष सरस उतरली आहे. समितीने १९३५ पासून रडारवर भर दिला; लिंडेमन यांच्याशी मतभेद विकोपाला जाऊन १९३६ मध्ये हिल व ब्लॅकेट यांनी राजीनामे दिले, आणि अखेर लिंडेमन यांना वगळून समिती पुन्हा रचली गेली. नेमके उद्दिष्ट, शासनयंत्रणेतील योग्य स्थान आणि कृती घडवून आणण्याची शक्ती, ही तिच्या यशाची स्नो यांनी दिलेली कारणे पटण्याजोगी आहेत.

१९४२ च्या बाँबवर्षावाच्या वादात मात्र विवेचन लंगडे पडते. जर्मन नगरांतील घरांच्या संभाव्य नाशाविषयी लिंडेमन यांनी केलेला अंदाज टिझर्ड यांच्या मते पाचपट, तर ब्लॅकेट यांच्या मते सहापट फुगलेला होता. युद्धोत्तर पाहणीत तो दसपट ठरला, असे स्नो सांगतात. तरीही लिंडेमन यांची सरशी झाली, कारण ते चर्चिल यांच्या निकटचे होते. स्नो याला ‘दरबारी राजकारण’ म्हणतात. पण कालक्रम काय सांगतो? नगरांवरील सरसकट बाँबफेकीचा आदेश १४ फेब्रुवारीला निघाला होता; लिंडेमन यांचे टिपण ३० मार्चचे. म्हणजे सल्ल्यातून धोरण जन्मले नाही, ठरलेल्या धोरणाला आकड्यांचा आधार मिळाला. शिवाय बाँबफेकीची अचूकता किती तोकडी आहे हे उघड करणारा १९४१ चा बट अहवाल लिंडेमन यांच्याच पुढाकाराने तयार झाला होता. दरबारी सल्लागाराच्या साच्यात ही गोष्ट सहज बसत नाही.

शासनाच्या सर्व पातळ्यांवर शास्त्रज्ञ असावेत, हा स्नो यांचा उपाय. परंतु १९४२ मध्ये शास्त्रज्ञांची वानवा नव्हती. टिझर्ड व ब्लॅकेट यांची आकडेमोड झालेली होती, आणि हल व बर्मिंगहॅम येथील हानीचा अभ्यास बर्नाल व झुकरमन करीतच होते. उणीव होती ती परस्परविरोधी अंदाज शेजारी ठेवून त्यांचा निवाडा करणाऱ्या, दोन्ही पक्षांपासून स्वतंत्र अशा जागेची. तिची चर्चा या ग्रंथात अपुरीच राहिली आहे.