दुरून दिसणारी भेग

भुसावळजवळ तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. त्यांच्या मधल्या काँक्रीटच्या खांबांना भेगा पडल्या आहेत का, हे जवळून पाहायचे तर मचाण बांधायचे, दोर सोडायचे आणि माणसाचा जीव टांगणीला लावायचा. त्यापेक्षा काठावर तिपाई रोवून मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घ्यावीत आणि संगणकावर भेगा शोधाव्यात, ही पद्धत आता रूढ होत आहे. तिचे स्वागतच करायला हवे. पण ‘कॅमेऱ्याला सगळे दिसते’ हा दावा मात्र तपासून घ्यायला हवा.

हिशेब समरूप त्रिकोणांचा आहे. भिंगाचे नाभीय अंतर ४०० मिलिमीटर आणि कॅमेऱ्यातला एक चित्रबिंदू ०.००४ मिलिमीटरचा धरू. मग १०० मीटरवरच्या भिंतीचा १ मिलिमीटर भाग एका बिंदूत मावतो. आयएस ४५६ या भारतीय मानकात भेगेच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा ०.३ मिलिमीटर आहे. सतत ओल असेल तेथे ०.२. एवढी भेग छायाचित्रात आलीच तर फिकट करडी रेघ म्हणून येईल. तिची रुंदी त्यावरून मोजता येणार नाही.

मग चित्रबिंदू वाढवावेत? त्याने फारसे साधत नाही. भिंगाचे तोंड ५० मिलिमीटरचे असेल, तर प्रकाशाच्या विवर्तनामुळेच १०० मीटरवरच्या दोन खुणा सुमारे १.३ मिलिमीटरपेक्षा जवळ असल्यास वेगळ्या दिसत नाहीत. मेगापिक्सेलच्या जाहिरातीत हे लिहिलेले नसते. उपाय दोनच: जवळ जावे किंवा भिंग मोठे घ्यावे.

त्यात आपला खानदेश! मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा ४५ अंशांकडे सरकतो. तापलेल्या हवेच्या झळांतून दूरची रेघ थरथरते. शिरपूरजवळ सावळद्याच्या पुलाचे छायाचित्र दुपारी घेण्यापेक्षा हिवाळ्यात सकाळी घेतलेले बरे.

आणखी एक गोष्ट. कॅमेरा फक्त पृष्ठभाग पाहतो. आतून सुटलेला थर हातोडीच्या पोकळ आवाजाने कळतो, काँक्रीटचा अल्कधर्म गेला की नाही ते फिनॉल्फ्थॅलीन सांगते. पुलाचा पाया तर पाण्याखालीच असतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात जुना दगडी पूल वाहून गेला आणि त्याबरोबर माणसेही गेली. पुलाचे वरचे अंग पाहून पायाची हमी देता येत नाही, हे तेव्हापासून तरी आपण विसरू नये.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की कॅमेऱ्याने कोठे जवळून पाहायचे ते ठरवावे. जवळून पाहणे बंद करू नये. त्याचे खरे बळ तुलनेत आहे. दरवर्षी त्याच जागेवरून, तशाच उजेडात घेतलेली छायाचित्रे शेजारी ठेवली, तर वाढती भेग लपत नाही.

शिक्षकांनी हे वर्गातच करून पाहावे. पांढऱ्या कागदावर ०.३, ०.५ आणि १ मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेघा काढून तो शाळेच्या भिंतीवर चिकटवा. ५, १० आणि २० मीटरवरून मोबाइलने छायाचित्रे घ्या. कोणती रेघ कोठून नाहीशी होते, ते मुलांनीच वहीत लिहावे.