इंग्रजीच्या वर्गातील समता : ‘जिणं आमुचं’च्या निमित्ताने

इंग्रजीच्या अध्यापनातील सामाजिक न्यायाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन प्रश्नांपाशी थांबते : इंग्रजी कोणापर्यंत पोहोचते आणि अभ्यासक्रमात कोणाचे साहित्य असते. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. दलित आत्मकथनांचे इंग्रजी अनुवादही विद्यापीठीय अभ्यासक्रमांत आले. हे स्वागतार्हच आहे. परंतु वर्गात बोलण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न शिल्लक राहतो.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’चा माया पंडित यांनी केलेला अनुवाद ‘द प्रिझन्स वुई ब्रोक’ या नावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. या आत्मकथनातील निवेदन ‘मी’पेक्षा ‘आम्ही’चे अधिक आहे. भूक, अंगात येणे, सुनांचा छळ आणि आंबेडकरी चळवळीने आलेले भान हे सारे एका वस्तीचे म्हणून येते. ‘येसकर’, ‘महारवाडा’ यांसारखे शब्द अनुवादातही तसेच राहिले आहेत. या शब्दांचा अर्थ अनेकदा शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यालाच प्राध्यापकांहून अधिक ठाऊक असतो. तथापि वर्गात मराठी वर्ज्य असल्याने तोच गप्प बसतो आणि आपल्याच आजीच्या जगण्याविषयीचे पाच मुद्दे वहीत उतरवून घेतो. पुस्तक बदलले, वर्गाची उतरंड तशीच राहिली.

इंग्रजी केवळ इंग्रजीतूनच शिकवावी, हे मत शास्त्रीय असल्याच्या थाटात सांगितले जाते. १९६१ च्या युगांडातील माकेरेरे परिषदेतून पुढे आलेल्या अशा गृहीतकांची रॉबर्ट फिलिप्सन यांनी ‘लिंग्विस्टिक इम्पीरिअ‍ॅलिझम’ (१९९२) या ग्रंथात कठोर चिकित्सा केली आहे. आपल्या स्टाफरूममध्ये मात्र ते मत अजून सुखाने नांदते.

मराठीला वाव दिल्यास इंग्रजी मागे पडेल, हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मुलाखतीच्या टेबलावर इंग्रजीच मागितली जाते, हे आपले विद्यार्थी जाणतात. म्हणून मराठीत सारांश सांगून मोकळे होणे ही त्यांची फसवणूकच ठरेल. मूळ मराठी व अनुवाद यांतील एकच परिच्छेद शेजारी ठेवून अनुवादकाने काय राखले, काय सोडले, याची चर्चा आधी मराठीत व नंतर इंग्रजीत लिहून घेता येते. यात विद्यार्थ्याला इंग्रजी वाक्यरचनेकडे अधिक बारकाईने पाहावे लागते, कमी नव्हे. अडचण पद्धतीची नाही, परीक्षेची आहे. आशयाचे आणि व्याकरणाचे गुण स्वतंत्र देण्याचा ठराव अभ्यासमंडळांनी केल्याखेरीज हा विद्यार्थी पाठ केलेले पाच मुद्देच लिहीत राहील.