हेर-नायिकेचे वेषांतर

साहसकथेतील हेर-नायिकेच्या आवाहकतेचे स्पष्टीकरण सामान्यतः दोन अंगांनी दिले जाते : तिचे सौंदर्य आणि पुरुषाच्या बरोबरीने शस्त्र चालविण्याचे तिचे सामर्थ्य. दोन्ही अपुरी आहेत. सौंदर्य रंजनप्रधान कादंबरीतील कोणत्याही नायिकेला असतेच. आणि केवळ शस्त्र हाती आल्याने ती फार तर नायकाची प्रतिकृती ठरते. तिचे खरे वेगळेपण वेषांतरात आहे. हे वेषांतर दुसरे कोणी होण्याचे नसते. समाजाने आधीच नेमून दिलेली भूमिका ती हेतुपूर्वक वठविते, आणि त्या भूमिकेमुळेच ती कोणाच्या नजरेत येत नाही.

कौटिल्याला हे उमगले होते. ‘अर्थशास्त्रा’तील गूढपुरुषांच्या विवेचनात (संज्ञा पुरुषवाचक आहे, हेही ध्यानात घ्यावे) परिव्राजिका येते ती रूपगर्विता म्हणून नव्हे. ती दरिद्री, प्रगल्भ, उपजीविकेच्या शोधात असलेली ब्राह्मण विधवा आहे. अंतःपुरात तिला मान आहे, म्हणून महामात्रांच्या घरांत तिचा वावर खटकत नाही. याउलट ‘मुद्राराक्षसा’तील विषकन्या. राक्षसाने ती चंद्रगुप्तासाठी योजली, चाणक्याने तिला पर्वतकाकडे वळविले. तिचा स्वतःचा बेत असा नाहीच. परिव्राजिका हेरगिरीची कर्ती आहे, विषकन्या तिचे साधन.

लोकप्रिय साहसकथेचा ओढा दुसऱ्या प्रतिमेकडे अधिक राहिला. अपवाद आहेत. देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’तील चपला ही स्वतःच्या कौशल्यावर वावरणारी ऐयारा आहे. मराठीत बाबूराव अर्णाळकरांच्या झुंजारकथांतील विजया साहसात सहभागी होते खरी, परंतु ती झुंजारची पत्नी म्हणून. कथेचे नाव आणि कथनाचे केंद्र त्याच्याकडेच राहते.

ही चौकट केवळ कादंबरीपुरती मर्यादित नाही. घडलेल्या साहसाच्या स्मृतीलाही ती आकार देते. नंदुरबार येथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि बालवीर शिरीषकुमार मेहता व त्याचे सहकारी हुतात्मा झाले. या प्रसंगाच्या प्रचलित कथनात पोलिसांची बंदूक मिरवणुकीतील मुलींकडे वळते आणि शिरीषकुमार पुढे सरसावतो. त्या बलिदानाची थोरवी निर्विवाद आहे. प्रश्न कथनाच्या व्याकरणाचा आहे. त्याच मनाई मोडणाऱ्या मिरवणुकीत चालत आलेल्या मुली या वाक्यात केवळ कर्म म्हणून उरतात. त्या तेथे कशा आल्या, घरी काय सांगून निघाल्या, हे विचारण्याची सोय या आकृतिबंधात नाही.

ही सोय कोठे मिळते? क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई पाटील (१९२७–२०२१) यांच्या आठवणींत. पी. साईनाथ यांनी त्या नोंदविल्या आहेत. १९४३ मध्ये सांगलीकडील भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर हौसाताई आणि एक सहकारी यांनी भांडणाचा देखावा उभा केला. बाईला मारहाण होते आहे असे पाहून पोलीस मध्यस्थीला आले आणि तेवढ्या अवधीत साथीदारांनी ठाण्यातील बंदुका पळविल्या. पोलिसांना दिसला तो घरगुती तंटा. कारण मार खाणारी बाई हे त्यांच्या परिचयाचे, राजकारणाशी संबंध नसलेले दृश्य होते. पुढे गोव्यात पोर्तुगीजांच्या तुरुंगातील सहकाऱ्यापर्यंत त्यांनी चिठ्ठी पोहोचविली ती अंबाड्यात लपवून. परिव्राजिकेचेच हे तंत्र. फरक एवढाच की येथे ते राज्यसत्तेच्या सेवेत नसून तिच्याविरुद्ध वापरले गेले.

‘कॉलिंग सेहमत’ (२००८) आणि त्यावरील ‘राझी’ (२०१८) यांत हेर-नायिका पाकिस्तानी लष्करी घराण्यात सून म्हणून वावरते, तेव्हाही आकर्षणाचे मूळ हेच आहे. सुनेच्या आज्ञाधारकपणामागे दुसरा बेत शिजतो आहे, हे घरातील कोणालाही ठाऊक नसते, वाचकाला असते. विशेषतः वाचक स्त्री असेल, तर रोजच्या भूमिकेकडे बाहेरून पाहण्याची, ती भूमिका आहे हे ओळखण्याची मुभा तिला येथे मिळते. पिस्तुलाने ती मिळाली नसती.

परंतु रंजनकथा या भूमिकेची किंमत सहसा हातचलाखीत झाकते. हौसाताईंची तक्रार वेगळी होती : सहकाऱ्याने खोटे मारायचे ते खरोखरच जोरात मारले. देखावा पटण्यासाठी ते आवश्यक होते, हे त्याचे उत्तर.