रिकामा सोमवार

जव्हारहून मालवणला स्कूबासाठी निघणाऱ्या, रीतसर प्रशिक्षण झालेल्या दोघांसाठी लिहिलेला असा एक आराखडा समोर ठेवू :

‘शुक्रवार – दुपारची एसटी, रात्री कोकणकन्या. शनिवार – कुडाळहून मालवण; पाण्यात उतरायचं नाही. रविवार, वद्य दशमी – सकाळी साडेसात. आधी खोल, मग उथळ. सोमवार – रिकामा. मंगळवार – परत. सर्दी झाली तर रद्द.’

इतकाच मजकूर. पण यातला एकही शब्द उगाच आलेला नाही, आणि मला हा कागद आवडतो तो त्यासाठीच.

‘वद्य दशमी’ पाहा. सुट्टी बघून तारीख काढणारे पुष्कळ. इथे तिथी बघितली आहे. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे बोट निघते ती भरती पुरी होऊन पाणी क्षणभर थबकतं त्या सुमारास. शिवाय अष्टमीनंतरचे एक-दोन दिवस भांगाचे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखी ओढ तेव्हा नसते, तळातली वाळू कमी उठते, नजर लांबवर पोचते. दर्यावर्दी माणसाचं शहाणपण त्या दोन शब्दांत मावलं आहे.

महिना लिहिलेला नाही, पण तो हिवाळ्यातला असणार. आपल्याकडे जव्हारला पावसाळ्यात दाभोसा धबधबा धो धो कोसळत असतो तेव्हा मालवणचा समुद्र डुबकीसाठी बंद असतो. पावसाचा गढूळपणा बसला की नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी निवळतं.

‘आधी खोल, मग उथळ’ ही डायव्हिंगची रूढ शिस्त. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट होतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन शरीरात मुरतो आणि वर येताना हळूहळू बाहेर पडावा लागतो. म्हणून वर येण्याची गती सावकाश, पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, आणि दोन डुबक्यांमध्ये बोटीवर निवांत बसणं. घाई केली तर तोच वायू रक्तात आणि सांध्यांत बुडबुडे धरतो. सर्दीची ओळही तितकीच नेमकी : नाक चोंदलं असेल तर कानातला दाब जुळत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. अशा वेळी पैसे गेले तरी चालतील, असं आधीच लिहून ठेवायला धैर्य लागतं.

या सगळ्यात मला सर्वांत देखणा वाटतो तो सोमवार. एकाहून अधिक डुबक्यांनंतर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास थांबावं, असा सर्वमान्य सल्ला आहे, कारण उंचीवर हवेचा दाब घटतो. आपण तर रेल्वेने आणि एसटीने येणार, मग थांबायचं कशाला? जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. डायव्हिंगच्या शिक्षणात तीनशे मीटरच्या वरची जागा उंचावरची धरतात. विमानाच्या केबिनइतका फरक इथे पडत नाही हे खरं, पण आंबोली घाटमार्गे परतायचं ठरलं तर सातशे मीटरच्या जवळ जावं लागतं. आराखडा लिहिणाऱ्याने घरच्या डोंगराचा हिशेब समुद्राच्या हिशेबात धरला आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला ही ओळ सुचली नसती. त्या रिकाम्या सोमवारी सिंधुदुर्ग किल्ला पाहावा, बाजारात हिंडावं, मासे खावेत.

हाच हिशेब क्रूझवर कसा चालेल? मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजावर रात्री समुद्रसपाटीवरच जातात, हा मोठा फायदा. पण जहाज खाजणाबाहेर उभं राहतं, लहान बोटीने बेटावर जायचं, ठरल्या वेळी परतायचं. जहाजाचं वेळापत्रक भरती-ओहोटी बघत नाही. तिथे मी एकच उथळ डुबकी लिहीन आणि तीही जहाजाची वेळ ठाऊक असलेल्या केंद्राबरोबर. प्रवेशाचा परवाना आधी, आणि कोचीला उतरून लगेच विमान धरायचं असेल तर ती डुबकीही खोडून टाकीन. समुद्राचा तळ मनापासून पाहायचा असेल तर मुक्काम जमिनीवरच हवा. क्रूझचा थांबा ओळखीपुरता ठीक.

ज्यांनी प्रशिक्षण घेतलेलं नाही त्यांच्यासाठी मालवणजवळ तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची (एमटीडीसी) स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे. जव्हार-मोखाड्यातल्या, नदीत पोहणं अंगवळणी पडलेल्या मुलामुलींनी तिथे जरूर शिकावं. मात्र आराखडा लिहायला बसाल तेव्हा घरी परतण्याची ओळ सर्वांत आधी लिहा.