न झालेलं भाषण आणि आपली भाषणं

यंदाच्या जयंतीला मी भाषण दिलं आणि तोंडावर आपटलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे लिहिणार आहे ते कुणा दुसऱ्याला झोडपायला लिहितोय असं वाटायचं नाही.

विहाराच्या पटांगणात मांडव होता. त्रिसरण-पंचशील झालं. हारतुरे झाले. पाहुण्यांचा परिचय झाला, त्यात माझ्याबद्दल मलाच ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी कळल्या. मग नगरसेवक आले, त्यांच्यासाठी पुन्हा हार झाले. माईक माझ्या हातात आला तेव्हा नऊ वाजून गेले होते. मी नेहमीचंच बोललो. बाबासाहेबांच्या पदव्या किती, ते अठरा-अठरा तास कसे वाचायचे, कोलंबिया, लंडन, घटना. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'चं नाव घेतलं तेव्हा टाळ्या जास्तच पडल्या. भाषण संपलं आणि मागच्या सतरंजीवरून बारावीतली एक पोरगी उभी राहिली. म्हणाली, "सर, त्या रुपयाच्या पुस्तकात बाबासाहेबांनी लिहिलंय काय?"

मला सांगता येईना. पुस्तक मी चाळलं होतं, वाचलं नव्हतं. मी घसा खाकरला. संयोजक मदतीला धावला. "ताई, वेळ झालाय, आभार राहिलेत, नंतर भेटून विचार." पोरगी खाली बसली. आभाराला पंधरा मिनिटं लागली.

मित्रहो, त्या रात्री मला झोप आली नाही. मला उत्तर आलं नाही याची लाज होतीच. पण त्याहून मोठी गोष्ट डोक्यात घुमत राहिली. त्या मांडवात बाबासाहेबांच्या सगळ्यात जवळ कोण होतं? माईकवाला मी, हार घालणारे, की ती पोरगी? आणि आम्ही सगळ्यांनी मिळून बसवलं कुणाला?

आता कुणी म्हणेल, वस्तीतलं असंच चालायचं, विद्यापीठात जाऊन बघा. तिथंही जाऊन आलो. दोन दिवसांचं राष्ट्रीय चर्चासत्र. फाईल, पेन, छातीवर बिल्ला, शेवटी प्रमाणपत्र. 2010 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राध्यापकांच्या बढतीला गुणांकाचा हिशेब लावला, त्यात चर्चासत्रात निबंध वाचण्यालाही गुण ठेवले. तेव्हापासून निबंध वाचायला रांग लागते आणि ऐकायला रिकाम्या खुर्च्या. मी बसलो होतो त्या सत्रात अकरा निबंध होते. प्रत्येकी सात मिनिटं. सहाव्या मिनिटाला चिठ्ठी, सातव्याला घंटी. प्रश्नांना वेळ नाही. वाचून झालं की माणूस प्रमाणपत्र घेऊन एस. टी. स्टँडवर.

आणि सत्रांची मांडणी बघा. पहिल्या दिवशी उद्घाटनाला लागून 'मराठी साहित्य'. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, लोक पेंगताना, 'दलित साहित्य'. म्हणजे गावात जागा जशी ठरते तशीच कार्यक्रमपत्रिकेत. गावकुसाबाहेरची वस्ती आता दुपारी अडीचच्या सत्रात भरते.

माझा एक दोस्त आहे. जमिनीतल्या क्षारांवर संशोधन करतो. ऊसपट्ट्यात पाणी जास्त देऊन देऊन रान खारावतं कसं, ते सुधारायचं कसं, यावर तो दोन तास बोलेल आणि शेतमजुरालाही कळेल असं बोलेल. त्याला व्याख्यानाची बोलावणी येतात ती 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला. विषय ठरलेला, 'सामाजिक समता'. जमिनीवर बोल म्हणून त्याला प्रस्थापितांच्या व्याख्यानमालेनं कधी बोलावलं नाही. पण दोस्तांनो, आपण तरी कुठं बोलावलं? त्यांनी आपल्याला एका विषयात कोंडलं, आणि आपण आतून कडी लावून घेतली.

2016 च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला गेला. आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचा कार्यकर्ता. त्याला कार्ल सेगनसारखं विज्ञानावर लिहायचं होतं. ताऱ्यांवर लिहू पाहणारा पोरगा आपल्यात होता. त्याच्या नावानं आपण मोर्चे काढले, काढायलाच हवे होते. पण त्याच्या नावानं आपल्या वस्तीत ताऱ्यांवर एक व्याख्यान झालेलं मी ऐकलेलं नाही.

म्हणून मी उलटं निघालो. बाबासाहेब किती मोठे होते हे बाजूला ठेवलं. ते भाषण करायचे कसं, एवढंच बघायचं ठरवलं.

पहिलं घ्या 9 मे 1916 चं. न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ, गोल्डनवायझर या मानववंशशास्त्राच्या प्राध्यापकाचं सेमिनार. वय पंचवीस. विषय, भारतातल्या जाती. समोर परक्या देशातले अभ्यासक. आपली दुःखं सांगून हळहळ मिळवता आली असती. त्यांनी ते केलं नाही. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले केतकर, अशा चौघांच्या जातीच्या व्याख्या टेबलावर मांडल्या आणि एकेक तपासली. मग स्वतःचं म्हणणं ठेवलं. जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही त्या बंद दाराची कुलपं. आणि शेवटी म्हणणं असं की, हे माझं मत अंतिम नाही, चुकीचं ठरवून दाखवा, मी सोडून देईन. पंचविशीतला अस्पृश्य पोरगा जगाला सांगतो, मला खोडा! आपल्या व्याख्यानमालेत पन्नाशीचा वक्ता हे म्हणायची हिंमत करत नाही. मी तर नाहीच केली.

दुसरं 1936 चं. हे भाषण झालंच नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद बाबासाहेबांना दिलं. मंडळ हिंदू सुधारकांचं. भाषण आधी पाठवा म्हणाले. वाचलं आणि हादरले. जात मोडायची तर नुसत्या सहभोजनानं भागणार नाही, ज्या शास्त्रांवर जात उभी आहे त्यांचा अधिकारच मोडावा लागेल, असं त्यात होतं. वर, आपण हिंदू धर्म सोडणार, हेही सांगितलेलं. 1935 च्या ऑक्टोबरात येवल्याला ते जाहीर झालंच होतं. मंडळ म्हणालं, एवढा एवढा भाग गाळा. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद बारगळली.

इथं आपल्यातला कुणीही असता तर निषेधसभा घेऊन मोकळा झाला असता. बाबासाहेबांनी काय केलं? भाषण स्वतःच्या पैशानं छापलं. किंमत आठ आणे. इंग्रजी आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं. मंडळानं लोकांना भाषणापासून वंचित ठेवलं हे चूक, असं म्हटलं. किंमत जास्त आहे, दोन आणे, फार तर चार आणे ठेवा, असंही म्हटलं. आणि धर्माची पारख त्याच्या वाईट नमुन्यांवरून करू नये, उत्तमावरून करावी, असा मुद्दा घातला. 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधींचं ते सगळं छापलं आणि त्याला सविस्तर उत्तर जोडलं.

इथं थांबा जरा. विरोधकाचं म्हणणं स्वतःच्या पुस्तकात, स्वतःच्या खर्चानं छापलं! ज्या सभागृहानं दार लावलं, त्या सभागृहात जी चर्चा व्हायला हवी होती, ती त्यांनी कागदावर भरवली. पुढं 1944 च्या आवृत्तीत 1916 चा तो सेमिनारमधला निबंधही त्यालाच जोडला. न झालेलं भाषण आणि झालेला निबंध एकाच पुठ्ठ्यात आले. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' आपण पूजेला ठेवतो, पण ते पुस्तक म्हणजे एक सभा आहे. तिच्यात दोन्ही बाजू बोलतात.

कुणी म्हणेल, ते इंग्रजीतलं, शिकल्यासवरल्यांसाठी. अडाणी लोकांना असं बोलून चालत नाही. खोटं आहे. त्याच महिन्याच्या अखेरीला, 31 मे 1936 ला, मुंबईत महार परिषदेत 'मुक्ती कोन पथे' हे भाषण झालं, मराठीत. समोर गिरणीतले, गोदीतले, गावखेड्यातले लोक. धर्मांतराचा प्रश्न त्यांनी उलगडून ठेवला. संसाराच्या बाजूनं काय, आत्मिक बाजूनं काय, विरोधक काय म्हणतात, त्याला उत्तर काय. आणि शेवट बुद्धानं आनंदाला केलेल्या उपदेशावर, दुसऱ्यावर विसंबू नका, स्वतःचा दिवा स्वतः व्हा. आपल्या बापजाद्यांना सही येत नव्हती. त्यांना युक्तिवाद कळतो यावर बाबासाहेबांचा विश्वास होता. आज पोरं पदवीधर झाली, तर आपण त्यांना नुसती घोषणा देतो.

तिसरं भाषण जयंतीचंच आहे. 18 जानेवारी 1943, पुणे, गोखले हॉल. न्यायमूर्ती रानड्यांची 101 वी जयंती, बोलावणारी डेक्कन सभा. लोक गौरव ऐकायला आले असणार. बाबासाहेबांनी आधी प्रश्नच घातला, थोर माणूस म्हणायचं कुणाला? त्याची कसोटी ठरवली. त्या कसोटीवर रानड्यांना घासून बघितलं. मग शेजारी गांधी आणि जीनांना उभं करून त्यांनाही घासलं. आणि विभूतिपूजेवर बोलले. एखाद्याबद्दल आदर असणं वेगळं आणि त्याच्यापुढं आपली अक्कल गहाण टाकणं वेगळं, असा त्याचा आशय. ज्याची जयंती त्याची परीक्षा घेणारं हे भाषण आहे.

रानड्यांच्या बाबतीत आणखी एक आठवतं. 1885 साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरायची होती. बोलावणं जोतीरावांना आलं. जोतीराव गेले नाहीत, पत्र पाठवलं. जे लोक माणसाला माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभांशी आमचं जमायचं नाही, असा त्याचा रोख. जोतीराव गेले नाहीत आणि बाबासाहेब 1943 ला गेले. मला यात विरोध दिसत नाही. न जाणं हेही बोलणं होतं, जाऊन परीक्षा घेणं हेही बोलणं होतं. आपण मात्र तिसरंच करतो. जातो, शाल-श्रीफळ घेतो आणि गप्प बसतो.

एक आक्षेप मला मान्य आहे. जयंती हा सण आहे. आयाबाया नवीन लुगडं नेसून येतात त्या बाबांचं नाव ऐकायला, पोटतिडकीनं येतात. त्यांची थट्टा करणारा मी कोण? वामनदादा कर्डकांच्या गाण्यांनी जे केलं ते शंभर वक्त्यांना जमलं नाही. म्हणून गाणं होऊ द्या, रात्रभर होऊ द्या. पण गाण्याला गाणं म्हणा आणि भाषणाला भाषण. गाण्याचं काम भाषणानं करू नये. ना धड सूर, ना धड मुद्दा.

तर आता त्या पोरीचं उत्तर. दोन महिने लागले, पुस्तक वाचलं. 1923 साली लंडनला निघालं. विषय असा. आपला रुपया चांदीचा होता. 1873 नंतर चांदी जगात स्वस्त होत गेली, रुपया घसरला. 1893 ला सरकारनं टाकसाळी लोकांना बंद केल्या आणि पुढं रुपयाची सांगड सोन्याच्या चलनाशी, म्हणजे पौंडाशी घातली. केन्ससारखा अर्थशास्त्री या व्यवस्थेची वाखाणणी करत होता. बाबासाहेब म्हणाले, यात खोट आहे. रुपये किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर राहतं, त्याला आळा नाही. रुपये वाढले की भाव चढतात, आणि भाव चढतात त्या वेगानं मजुरी चढत नाही. रुपया घसरला की निर्यात करणाऱ्याचं फावतं, आणि त्या फायद्यातला वाटा मजुराच्या ताटातून गेलेला असतो. म्हणून रुपये काढण्यावर पक्की मर्यादा घाला. पुढं हिल्टन यंग आयोगापुढंही त्यांनी साक्ष दिली.

म्हणजे पोरी, तुझी आई तेलाचा भाव ऐकून जे म्हणते आणि हजेरी तेवढीच का म्हणून मुकादमाशी जे भांडते, त्याचीच ती चर्चा आहे. मी नुसतं पुस्तकाचं नाव घेऊन टाळ्या घेतल्या.

आणि गंमत ऐका. त्या पुस्तकाला प्रस्तावना त्यांचे गुरुजी एडविन कॅनन यांची. तिच्यात गुरुजी स्पष्ट म्हणतात की मला याच्या टीकेतलं बरंच पटत नाही, पण विचारात ताजेपणा आहे. बाबासाहेबांनी ती प्रस्तावना तशीच छापली. मतभेद पहिल्याच पानावर.

आता करायचं काय, ते थोडक्यात सांगतो. वक्त्याकडून चार पानं आधी घ्या, त्यांच्या प्रती काढून वस्तीत वाटा. हारतुरे दहा मिनिटांत आटपा. जेवढा वेळ भाषणाला, तेवढाच प्रश्नांना. पहिला प्रश्न बाईचा किंवा पोरीचा. वक्त्याला उत्तर आलं नाही तर त्यानं 'येत नाही' म्हणावं आणि पुढच्या महिन्यात येऊन सांगावं. यात अपमान नाही, अपमान घसा खाकरण्यात आहे. आणि वर्षातून चार व्याख्यानं तरी अशी ठेवा ज्यांत आपला माणूस 'आपल्या' विषयावर बोलणार नाही. तो खाऱ्या जमिनीवर बोलेल, रक्तक्षयावर, ताऱ्यांवर, रुपयावर बोलेल.

माझ्या त्या दोस्ताला मी बोलावलंय. आमच्याच विहारात, पुढच्या पौर्णिमेला. विषय, रान खारवटतं कसं. मी माईकजवळ बसणार नाही. मागच्या सतरंजीवर बसणार आहे, आणि त्या पोरीनंतर हात वर करणार आहे.

जयभीम.